कानातलं मशीन दारावर जमा करू नका : गोव्याच्या तुरुंग खात्याला खुलं पत्र

प्रति,
तुरुंग महानिरीक्षक साहेब, गृह खात्याचे सचिव साहेब आणि राज्य दिव्यांगजन आयुक्त साहेब, गोवा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात राहते, रिटायर्ड शिक्षिका आहे. सव्वीस वर्षं ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवलं आणि अजूनही कुणाचं बँकेचं काम निघालं, कुणाचा साखरपुडा ठरला, कुणाला डॉक्टरकडे न्यायचंय की दुभाषी म्हणून मलाच फोन येतो, म्हणजे त्यांच्या आयांचा येतो. दोन पावसाळ्यांपूर्वी असाच एक फोन आला आणि त्यानंतर मी जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाहीय, म्हणून हे पत्र.

पोरगा माझा जुना विद्यार्थी. नाव-गाव लिहीत नाही, केस अजून कोर्टात आहे. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलणं म्हणजे चार-पाच शब्द, तेही घरच्यांनाच कळतात, पण वेल्डिंगचं काम एकदम सुरेख करतो. कॉन्ट्रॅक्टरबरोबर गोव्याबाहेर साइटवर गेला होता, तिथे रात्री कामगारांत भांडण झालं, कुणाचा तरी मोबाईल गेला, पोलीस आले, सगळे पळाले म्हणून हाही पळाला. मागून 'थांबा' म्हणून ओरडले ते बाकीच्यांना ऐकू आलं आणि ते थांबले, हा एकटा पळत राहिला. झालं, सगळा संशय त्याच्यावर. कुठलं स्टेशन, कुठलं राज्य ते मुद्दाम लिहीत नाही, मला तिथल्या कुणाकडे बोट दाखवायचं नाहीय.

त्याच्या आईने फोनवर पहिलं वाक्य काय सांगितलं असेल? "बाई, ताचे हात बांदल्यात म्हण सांगतात." अटक झालीय, कुठे आहे, कशासाठी, हे सगळं नंतर. आधी हात. कारण तिला माहितीय की त्याचं तोंड म्हणजे त्याचे हात.

दुसऱ्या दिवशी त्याचा मामा आणि मी गाडी करून गेलो. पोरगा बाकड्यावर बसलेला, हात पाठीमागे, बेडी घातलेली. मला बघितलं आणि त्याचे खांदे हलायला लागले, मान हलायला लागली, तिथल्या माणसांना वाटलं हा आता सुटायला धडपडतोय म्हणून एकाने त्याला खाली दाबून धरलं. मला दिसत होतं की तो बोलायला बघतोय. पाठीमागे बांधलेल्या हातांनी तो मला काहीतरी सांगत होता आणि मला त्याचे हात दिसत नव्हते. ऐकू येणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबून कुणी विचारत नाही की 'बोल, काय झालं ते सांग'. इथे रात्रभर तेच चाललं होतं आणि तिथल्या एकालाही ते जाणवलं नव्हतं. दुष्टपणा म्हणून नाही, खरंच लक्षातच आलं नव्हतं कुणाच्या.

कागदावर लिहिलेलं होतं की आरोपी प्रश्नांची उत्तरं द्यायला टाळाटाळ करतो. खाली त्याची सही. मी ती सही बघितली आणि मला भरून आलं, कारण सही करायला मीच शिकवलं होतं त्याला, तिसरीत असताना, दोन रेघांच्या वहीत, महिनाभर रोज. कुणी कागद पुढे केला आणि खाली बोट दाखवलं की सही करायची, एवढं तो छान शिकला होता. वर काय लिहिलंय ते वाचून समजण्याएवढं मात्र त्याचं वाचन नाही. जन्मापासून ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यातल्या खूप जणांचं नसतं, कारण लिहिलेली भाषा ही आधी कानावर पडलेली भाषा असते आणि ती त्यांच्या कानावर कधी पडलेलीच नसते. हे पोलिसांना, वकिलांना आणि कधीकधी मॅजिस्ट्रेटनासुद्धा समजावून सांगावं लागतं. 'लिहून विचारलं तरी सांगत नाही' हा काही पुरावा होत नाही हो.

आणि मशीन. त्याच्या उजव्या कानाला मशीन असतं, कानामागे लावायचं, त्याने त्याला शब्द कळत नाहीत पण आवाज झाला एवढं कळतं, हॉर्न, कुत्रा, दरवाजा आपटला तर. ते झडतीत काढून घेतलं होतं. पट्टा, बुटांच्या नाड्या, कंगवा, तीनशे चाळीस रुपये आणि 'एक कानातले यंत्र', अशी यादी, सगळं एका पाकिटात. काढणाऱ्याला बॅटरीचं झाकण उघडून ठेवायचं माहीत नव्हतं, त्यामुळे ती ६७५ नंबरची गोळीएवढी बॅटरी पाकिटातच संपली. घरी त्याची आई ते मशीन रोज रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवते, आपल्या पावसाळ्यात दमटपणाने लगेच खराब होतं म्हणून. एवढं जपलेलं. पट्टा आणि नाड्या का काढतात ते मला कळतं, माणूस गळफास लावून घेईल ही भीती असते. पण त्या यादीत कान पण लिहिला गेला होता, आणि तुम्हाला पत्र लिहायचं खरं कारण ती यादीच आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तिथला एक हवालदार होता, वयाने मोठा, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, याला पाणी हवंय का हे कसं विचारायचं? मी अंगठा ओठाशी नेऊन दाखवलं आणि भुवया उंचावल्या, प्रश्न विचारताना भुवया उंचवाव्या लागतात. त्याने लगेच तसंच पोराला विचारलं. पोराने एवढ्या जोरात मान हलवली! आदल्या रात्रीपासून पाणी प्यालेला नव्हता.

मग अकरा दिवस तुरुंगात. जामीन झाल्यावर तो माझ्याकडे घरी आला आणि दोन तास हातांनी बोलत होता. त्याने जे सांगितलं त्यातनं मला पहिल्यांदाच कळलं की तुरुंग सगळा आवाजावर चालतो. उठायची घंटा, शिट्टी, नाव पुकारणं, 'मुलाखत आली' म्हणून हाक, जेवणाच्या रांगेची हाक, पाणी सोडलं की होणारा आरडाओरडा, कुलूप उघडलं त्याचा खणखणाट. तिथे घड्याळ नाही, मोबाईल नाही, कान हेच घड्याळ. ज्याला कान नाहीत तो प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचतो, आणि तुरुंगात उशीर म्हणजे बेशिस्त. गिनतीला, म्हणजे कैदी मोजताना, नाव घेतलं आणि हा उभा राहिला नाही म्हणून दोनदा पोटरीवर काठी बसली. बराकीत एक म्हातारा कैदी होता, तो याला गिनतीच्या वेळी कोपराने ढोसायचा, म्हणून पोरगा रात्री त्याच्या पाठीला पाठ लावून झोपायचा, म्हातारा उठला की आपल्याला कळेल म्हणून. सहाव्या दिवशी म्हाताऱ्याला दुसरीकडे हलवलं. त्यानंतरचे पाच दिवस पोरगा रात्री झोपलाच नाही, भिंतीला टेकून जागा राहिला, डोळे दारावर.

हे सगळं गोव्याबाहेर झालं, मग मी तुम्हाला का लिहितेय? कारण उद्या असाच एक पोरगा, किंवा काठी घेतलेला, किंवा व्हीलचेअरवरचा, तुमच्या कोलवाळच्या तुरुंगाच्या गेटवर उभा राहणार आहे, आणि त्या पहिल्या तासात त्याचं काय होतं ते तुमच्या हातात आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३,०१२ दिव्यांग माणसं मोजली गेली, आणि तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, आता २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यातला कुणीच कधी तुरुंगाच्या दारात येणार नाही असं धरून चालता येणार नाही.

आणि दुसरं कारण म्हणजे आपल्याकडे हे जमतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा उत्सव, झाला तेव्हा मी माझे जुने विद्यार्थी घेऊन गेले होते. स्टेजवर सांकेतिक भाषेचे दुभाषे, जिकडेतिकडे रॅम्प, मुलं नुसती हरखून गेली होती, एकाने मला विचारलं की रोज असं का नसतं. आयुक्त साहेब, तुमच्याच ऑफिसने ते घडवून आणलं, आणि मला त्याचा अभिमान आहे, मनापासून. म्हणूनच तुम्हाला विनंती करायला धीर होतो की पणजीतला तो रॅम्प कोलवाळपर्यंत न्या.

कुणी म्हणेल जुन्या तुरुंगात कसले बदल करणार. आग्वादला असतं तर मी पण म्हटलं असतं की पोर्तुगीजांच्या किल्ल्यात रॅम्प कुठे काढणार. पण आग्वादचे कैदी २०१५ मध्येच कोलवाळला हलवले आणि आग्वादचं आता म्युझियम झालंय, तिथे स्वातंत्र्यसैनिकांच्या कोठड्या आपण पोरांना दाखवायला नेतो. कोलवाळ ही आपल्या काळातली बिल्डिंग आहे. आणि कायदा तर साफ आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सगळ्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत अडथळ्याविना करायच्या असं लिहिलंय, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत संपली जून २०२२ मध्ये. रॅम्पचं मापसुद्धा ठरलेलं आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. कशीतरी फळी टाकली आणि झाला रॅम्प असं होत नाही, तशा फळीवरून व्हीलचेअर उलटते.

आता झडतीच्या त्या यादीकडे परत येते, कारण मला वाटतं सगळं तिथेच सुरू होतं.

फादर स्टॅन स्वामी तुम्हाला आठवत असतील. आदिवासींसाठी काम करणारे पाद्री, ८३ वर्षांचे, पार्किन्सन्सचा आजार, हात एवढे थरथरायचे की पेला धरता यायचा नाही. ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीहून अटक झाली, तळोजा तुरुंगात ठेवलं. ६ नोव्हेंबरला त्यांनी कोर्टात अर्ज केला की मला स्ट्रॉ आणि सिपर, म्हणजे चोखून प्यायचा झाकणाचा पेला, मिळावा. स्ट्रॉ! तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस घेतले आणि उत्तर काय तर आमच्याकडे त्यांचा स्ट्रॉ-सिपर नाही. पुढे तुरुंगात सिपर मिळाला, पण अर्ज करावा लागला, सुनावणी व्हावी लागली, देशभर बोंबाबोंब व्हावी लागली. ५ जुलै २०२१ ला ते मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये गेले, खटला सुरूही झाला नव्हता. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल तुमचं मत काहीही असू दे, मी त्यात जात नाही. मी फक्त विचारते की पाणी प्यायची वस्तू मिळायला कोर्टाची तारीख का लागावी? पेला द्यायला लागते का? मग ज्याच्या हाताला पेला चालत नाही त्याचा सिपर हाच पेला, एवढं जेलरला आपल्या पातळीवर ठरवता यायला काय हरकत आहे.

आणि दिल्लीचे प्रोफेसर जी. एन. साईबाबा, माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता त्यांच्यावर. लहानपणी पोलिओ झालेला, ९० टक्के अपंगत्व, व्हीलचेअरशिवाय हलता यायचं नाही. नागपूरच्या तुरुंगात, अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक पहाऱ्याच्या कोठडीत, वर्षानुवर्षं. ऑक्टोबर २०२२ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने निर्दोष सोडलं, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं, मग ५ मार्च २०२४ ला त्याच खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवलं. बाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला गेले, सात महिन्यांत. आपलं गोव्याचं खंडपीठ पर्वरीला आहे ते ह्याच मुंबई हायकोर्टाचं. म्हणजे ही कुठली लांबची गोष्ट नाही, आपल्याच हायकोर्टाच्या हद्दीत घडलेली आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला सेलमध्ये संडासाला कसं जायचं हा प्रश्न रोजचा असतो, दिवसातून चार-पाच वेळचा, आणि त्याचं उत्तर म्हणजे दोन दुसरे कैदी येऊन उचलतात तेव्हा. ते आले नाहीत तर थांबायचं. माणूस मग पाणी प्यायचं कमी करतो, जेवायचं कमी करतो. माझा थोरला भाऊ पोलिओचा आहे म्हणून मला हे नुसतं ऐकून माहीत नाही. आम्ही लांबच्या लग्नाला निघालो की दादा आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतो, तिथला संडास कसा असेल माहीत नाही म्हणून. एका दिवसाच्या लग्नासाठी. तुरुंगात तसं वर्षभर काढा म्हणजे किडनीचं काय होईल ते डॉक्टरांना विचारा.

दादाचं कॅलिपर मी लहानपणापासून बघतेय. दोन लोखंडी दांड्या, गुडघ्यावर चामड्याचा पॅड, बूट त्यालाच जोडलेला, गुडघ्याशी कडी. कडी लावली की पाय सरळ राहतो, काढली की वाकतो. झडती घेणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर ते लोखंड आहे, हत्यार होऊ शकतं, मला कळतं त्याची काळजी. पण ते काढल्यावर दादा भिंत धरूनसुद्धा उभा राहू शकत नाही, बसून सरकत जातो. आणि कैद्यांना गिनतीला जोडी-जोडीने उकिडवं बसवतात ना? दादाला उकिडवं बसता येत नाही, आयुष्यात कधी बसला नाही, चतुर्थीच्या आरतीलासुद्धा तो खुर्चीवर असतो आणि आम्ही सगळे उभे. त्याला 'बस खाली' म्हणून दरडावलं तर तो पडेल, आणि पडलेल्या माणसाला 'नाटक करतो' म्हणणारं कुणीतरी तिथे असेलच.

कोर्टाने हे सगळं सांगून झालंय खरं म्हणजे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एल. मुरुगानंदम ह्या तामिळनाडूतल्या वकिलाच्या केसमध्ये निकाल दिला. त्यांना स्नायू झिजत जाणारा आजार, कोइंबतूरच्या तुरुंगात थोडे दिवस होते, तेवढ्यात हाल झाले, मद्रास हायकोर्टाने पाच लाखांची भरपाई दिली होती. सुप्रीम कोर्टाने त्या निमित्ताने लिहिलं की कैदी आत येतो त्याच वेळी त्याला दिव्यांगत्व आहे का ते विचारून नोंदवा, नियम त्याला समजतील अशा रूपात सांगा, ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरात, सांकेतिक भाषेत, संडास-रॅम्प करा, सहा महिन्यांत तुरुंगांचं ऑडिट करा, स्टाफला ट्रेनिंग द्या. आदेश तामिळनाडूसाठी होता, पण डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टाने तेच सगळ्या राज्यांना लागू केलं. म्हणजे आता गोव्यालाही. मग साहेब, मला सरळ सांगा, कोलवाळच्या ॲडमिशन रजिस्टरात हा रकाना उघडलाय का? आज आत असलेल्यांपैकी किती जणांना ऐकू येत नाही, किती जणांना दिसत नाही, किती जण चालू शकत नाहीत, हा आकडा तुमच्या टेबलावर आहे का? देशाच्या तुरुंगांचा दरवर्षी जो सरकारी रिपोर्ट येतो त्यात जात, धर्म, शिक्षण, वय सगळं मोजतात, मानसिक आजारी कैदी मोजतात, पण अपंग कैदी किती तो आकडा देत नाहीत. आणि सरकारी कामात जे मोजलं जात नाही त्याला बजेटही मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

मला माहितीय लोक काय म्हणतील, माझी शेजारीणच म्हणाली, "गुन्हेगारांचे लाड कशाला गो?" तिला मी जे सांगितलं तेच लिहिते. २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. चारातले तीन. माझा पोरगा त्यातलाच. आणि ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला त्याला जजने शिक्षा दिली ती कैदेची, त्या निकालात 'आणि आरोपीने संडासाला रांगत जावे' असं कुठे लिहिलेलं नसतं. शेजारीण गप्प बसली, पटलं की नाही माहीत नाही.

मनाच्या आजारांबद्दल मी थोडंच लिहिते, तो माझा विषय नाही, पण सोडून देणं बरोबर होणार नाही. आसाममधले मचांग लालुंग १९५१ मध्ये आत गेले, तेव्हा ते तेविशीत होते, वेड्यांच्या इस्पितळात पाठवले आणि पुढे कुणाच्या लक्षातच राहिले नाहीत. २००५ मध्ये सुटले, ५४ वर्षांनी, खटला न चालता. नेपाळचे दीपक जोशी कोलकात्याच्या दमदम तुरुंगात ४० वर्षं, तेही खटल्याविना, २०२१ मध्ये सुटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मानसिक आजारांवरच्या उपचारांची सोय हवीच. आपल्याकडे बांबोळीला मानसोपचाराचं एवढं मोठं हॉस्पिटल आहे, माणसं आहेत, आणि राज्य तर केवढुसं. कोलवाळहून बांबोळीला न्यायला पोलीस एस्कॉर्ट मिळाला तर पेशंट जाणार, नाही मिळाला तर अपॉइंटमेंट गेली, अशी वेळ कुणावर येऊ नये. आणि व्हॅन आली तरी तिची मागची पायरी गुडघ्याच्या वर असते, कुबड्यांवरचा माणूस चढणार कसा, हे पण बघा.

मला काय हवंय ते सांगते. पहिलं म्हणजे झडतीची ती यादी बदला. मशीन, कॅलिपर, कुबडी, पांढरी काठी, चष्मा, व्हीलचेअर, सिपर, लघवीची पिशवी ह्या गोष्टी 'जमा केलेल्या वस्तू'मध्ये लिहायच्याच नाहीत, त्यांचं वेगळं पान करा, 'कैद्याबरोबर आत गेलेल्या वस्तू', आणि तपासायच्या असतील तर तपासून लगेच परत द्या. कॅलिपरची खरंच भीती वाटत असेल तर रात्री काढून ठेवा, पण तेव्हा खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवा, हजार-दोन हजारांत येते. मशीनच्या बॅटऱ्या जेलच्या दवाखान्यात ठेवा, आठवडा-पंधरा दिवसांत एक लागते, गोळ्या देता तशी द्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला दारासमोरची जागा द्या आणि गिनतीच्या वेळी एक दिवा लुकलुकेल असं करा, त्या कामाला आतलाच एखादा इलेक्ट्रिशियन कैदी पुरेल. ज्याला दिसत नाही त्याला पहिल्या दिवशी कुणीतरी हात धरून बराक, नळ, संडास, दार फिरवून दाखवा आणि मग त्याची जागा उगाच बदलू नका.

पोलिसांचंही ह्यात येतं, गृह खातं म्हणून सांगते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात माणूस दुर्बळ असेल किंवा साठीच्या वरचा असेल तर डीवायएसपीच्या परवानगीशिवाय अटक करायची नाही, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५ मध्ये आहे. ते स्टेशनातल्या ड्युटीवरच्या माणसाला माहीत असू दे. आणि ऐकू न येणाऱ्याचे हात पुढून बांधायची पण गरज आहे का ते आधी बघा, पाठीमागे तर कधीच नाही. दुभाषी आल्याशिवाय सही घेऊ नका. फोंड्याला ढवळीच्या लोकविश्वास प्रतिष्ठानसारख्या संस्था आहेत, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक गोव्यात आहेत, प्रत्येक पोलीस स्टेशनात त्यांच्या नंबरांचा एक कागद भिंतीला चिकटवा, रात्री दोन वाजता फोन आला तरी लोक येतील. मी येईन.

आयुक्त साहेब, तुम्ही महिन्यातून एकदा कोलवाळला आत जाऊन बसा, कैद्यांना भेटा, आधी न कळवता. कैद्याने तक्रार लिहून द्यायची म्हटलं तर ज्याला लिहिताच येत नाही त्याने कुणाकडून लिहून घ्यायची? १९७९ मध्ये सुनील बत्रा ह्या कैद्याच्या केसमध्ये तुरुंगातून आलेलं नुसतं पत्र सुप्रीम कोर्टाने याचिका म्हणून घेतलं होतं. माझ्या पोराला ते पत्रही लिहिता आलं नसतं.

शेवटचं एक, आणि हे मी लगेच करायला तयार आहे. त्या हवालदाराला 'पाणी' ही खूण शिकायला अर्धं मिनिट लागलं. मी वीस खुणांचा कागद करून ठेवलाय, पाणी, जेवण, संडास, दुखतंय, औषध, कोर्ट, वकील, आई आली, गिनती, उठ, थांब, घाबरू नको, अशा. तुमच्या गार्ड लोकांना शिकवायला मी कधीही येते, पैसे नकोत, एक खोली आणि तासभर वेळ द्या, म्हापशाहून बस आहे, मी येईन. माझं वय झालंय आणि खुणा खऱ्या शिकाव्यात त्या जो रोज त्याच भाषेत जगतो त्याच्याकडून, म्हणून मी पोराला विचारलं, येशील का माझ्याबरोबर, तुरुंगात, शिकवायला. तो बराच वेळ बघत राहिला माझ्याकडे. मग उजवा हात कानामागच्या मशीनवर ठेवला आणि विचारलं, येतो, पण गेटवर हे काढायला लावतील का?

मी त्याला अजून काही उत्तर दिलेलं नाही. ते तुम्ही कळवा.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका,
फोंडा तालुका, गोवा